वायफाय चालेना, तर आईच्या लॅपटॉपवरून लिनक्स काढून टाकू का?

पत्र थोडक्यात: आईचा जुना लॅपटॉप विंडोज ११ च्या अटीत बसत नव्हता आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून या ताईंनी स्वतः वाचून वाचून त्यावर लिनक्स टाकलं. बाकी सगळं झकास चालतंय पण वायफाय नाही, वरच्या कोपऱ्यात वायफायचं चिन्हच येत नाही. आठवड्याभरात आधी डेबियन १२, मग मिंट, आता उबंटू २४.०४ अशी तीन इन्स्टॉलं झाली. एकदा ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) टाकताना मधेच एक पासवर्ड ठेवायला सांगितला, रीस्टार्टला निळी स्क्रीन आली, काहीतरी बिघडलं वाटून त्यांनी 'कंटिन्यू बूट' दाबून टाकलं. मग यूएसबीचा वायफाय अडॅप्टर आणला, खोक्यावर लिनक्स चालतं असं छापलेलं, तर तो लावल्यावर वायफायऐवजी एक सीडी ड्राईव्ह दिसते आणि तिच्यात विंडोजचा सेटअप. भाऊ म्हणतो, "तुला सांगितलेलं, आपल्यासारख्यांचं हे काम नाही, परत विंडोज टाक." आई काहीच बोलत नाही, सगळं फोनवर भागवते, आणि ताईंना तेच जास्त लागतंय. प्रश्न असा की वायफाय हमखास चालेल असं कुठलं लिनक्स आहे का, की नाद सोडून द्यावा. सोबत टर्मिनलचा एक फोटो.

ताई,

तुमच्या फोटोपासूनच सुरुवात करते, कारण उत्तर त्यात आहे आणि तो फोटो तुम्हीच काढलाय. (एक सूचना सगळ्यांसाठीच, कमांडी मी इथे देवनागरीत लिहितेय, टाईप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या.) एलएसपीसीआय -एनएनके ह्या कमांडचं आउटपुट आहे ते. मधल्या एका ओळीत नेटवर्क कंट्रोलर, ब्रॉडकॉम, बीसीएम४३१४२, आणि कंसात १४ई४:४३६५ असा नंबर. त्याच्या खाली एक ओळ आहे, कर्नल मॉड्यूल्स (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, हार्डवेअर चालवणारा भाग), आणि पुढे दोन नावं, बीसीएमए आणि डब्ल्यूएल. आता जी ओळ तिथे असायला हवी होती आणि नाहीये ती म्हणजे 'कर्नल ड्रायव्हर इन यूज'. ही ओळ नसणं हीच बातमी आहे. म्हणजे कार्ड शाबूत आहे, लिनक्सला ते दिसतंय, त्याचा डब्ल्यूएल नावाचा ड्रायव्हरसुद्धा तुमच्या डिस्कवर येऊन बसलाय, फक्त तो कार्डाला जोडला गेलेला नाही. आणि का नाही जोडला तेही फोटोत अगदी तळाशी, अर्धं कापलं गेलंय पण वाचता येतं, तुम्ही मॉडप्रोब डब्ल्यूएल चालवून बघितलंत त्यावर आलेलं उत्तर: 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'.

ही चावी नाकारणारा आहे सिक्युअर बूट. लॅपटॉप चालू होताना फक्त सही असलेला कोडच आत घ्यायचा अशी ती व्यवस्था, विंडोज ८ च्या काळापासून बहुतेक लॅपटॉपमधे चालू असते. कर्नलसोबत आलेल्या ड्रायव्हरवर डिस्ट्रोची (डेबियन, मिंट, उबंटू हे लिनक्सचे प्रकार म्हणजे डिस्ट्रो) सही असते. ब्रॉडकॉमचा हा डब्ल्यूएल मात्र बाहेरचा, तो तुमच्याच मशीनवर तयार होतो, म्हणून त्यावर सहीही तुमच्याच मशीनची पडते, आणि ती सही ओळखीची आहे हे एकदा लॅपटॉपला सांगावं लागतं. ते सांगायची जागा म्हणजे ती निळी स्क्रीन! ती बिघाडाची नव्हती ताई, ती परवानगी मागायला आली होती. आणि घाबरलात ह्यात तुमची काहीच चूक नाही कारण ती स्क्रीन दिसायलाच तशी आहे, न सांगता उगवते, नाव काय तर मोक मॅनेजमेंट (मोक म्हणजे मशीन ओनर की, मशीनच्या मालकाची चावी), दहा सेकंद थांबते, तोवर की दाबली नाही तर आपली आपण निघून जाते, आणि दाबली तरी समोर पहिला पर्याय 'कंटिन्यू बूट' हाच असतो. मला हे मनापासून खटकतं, कारण ज्याला पहिल्यांदाच हे करायचंय त्याने नेमकं उलटंच बटण दाबावं अशी ती मांडणी आहे.

तर ती परत बोलवायची. आधी मोकयूटिल (स्पेलिंग एमओकेयूटीआयएल) --एसबी-स्टेट चालवून सिक्युअर बूट खरंच चालू आहे का ते बघा. असेल तर सुडो मोकयूटिल --इम्पोर्ट आणि पुढे चावीच्या फाईलचा पत्ता, उबंटूत ती व्हीएआर, त्यात लिब, त्यात शिम-साइन्ड, त्यात मोक ह्या फोल्डरमधे असते, नाव एमओके.डीईआर, त्यातलं एमओके तेवढं कॅपिटल. एक पासवर्ड ठेवायला सांगेल, साधा ठेवा, लहान इंग्रजी अक्षरांचाच, कारण निळ्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन लेआउटचा असतो आणि चिन्हं भलतीच उमटू शकतात. कागदावर लिहून घ्या. रीस्टार्ट करा आणि लॅपटॉपसमोरून उठू नका. निळी स्क्रीन आली की लगेच कुठलीही की, मग एन्रोल मोक, कंटिन्यू, यस, तो पासवर्ड, रीबूट. झालं. वर आल्यावर परत एलएसपीसीआय -एनएनके चालवा आणि ती गायब असलेली ओळ आली का बघा.

दुसरा रस्ता म्हणजे बायोसमधे (लॅपटॉप चालू होतानाच उघडायच्या सेटिंगमधे) जाऊन सिक्युअर बूट बंदच करणं. बरेच जण डोळे झाकून हाच सांगतात. चालतो, सोपाही आहे, आणि तुमच्या लॅपटॉपवर आता एकटं लिनक्स आहे तर फार काही बिघडणार नाही, पण चावी ओळखवून देणं एकदाच पाच मिनिटांचं काम असताना कुलूपच काढून ठेवायची गरज नाही असं माझं मत. बाकी वाचकांपैकी ज्यांच्या मशीनवर शेजारी विंडोज आहे आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे, त्यांनी सिक्युअर बूटला हात लावायच्या आधी बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर विंडोज ती मागत दारातच उभं राहील.

आता तुमच्या प्रश्नाकडे, कारण त्यात दोनतीन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्यात आणि त्या तशा नाहीत असं मला वाटतं.

पहिली म्हणजे 'वायफाय हमखास चालेल असं लिनक्स'. डेबियन, मिंट, उबंटू, कुठलंही घ्या, आत कर्नल तोच, ड्रायव्हर त्याच खजिन्यातले. फरक पडतो तो तीन गोष्टींनी: कर्नल किती नवा, फर्मवेअरच्या (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फायली सोबत दिल्यात की नाही, आणि बाहेरचा ड्रायव्हर टाकायची सोय किती सरळ. डेबियनच घ्या, आधीच्या इन्स्टॉलरमधे फर्मवेअर नसायचं, मूळ कोड खुला नाही म्हणून बाहेर ठेवलेलं असायचं, २०२२ मधे त्यांनी मतदान घेऊन ते बदललं आणि जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमधेच येतं. कित्येकांचं इंटेलचं कार्ड केवळ एवढ्यानेच चालायला लागलं. पण तुमच्या कार्डाचं दुखणं फर्मवेअरचं नाहीच, म्हणून तीन काय आणखी दहा डिस्ट्रो बदलल्या असत्यात तरी ती चावी तिथेच अडली असती. कपडे बदलून ताप उतरत नाही. डिस्ट्रो बदलायच्या आधी पेनड्राईव्हवरून लाईव्ह चालवून, इन्स्टॉल न करता वायफाय दिसतंय का बघायचं, हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावं, त्यात अर्धे कष्ट वाचतात.

दुसरी गोष्ट, 'वायफाय चालत नाही' ही एक तक्रार नाहीये, त्यात चारपाच वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि प्रत्येकीचं औषध वेगळं. तुम्ही (आणि मला येणाऱ्या पत्रांमधले जवळजवळ सगळेच) औषधापासून सुरुवात करता, अमुक कमांड चालव, तमुक ड्रायव्हर टाक, आणि कुठे अडलंय हे बघायचं राहून जातं. साखळी अशी की आधी मशीनला कार्ड दिसायला हवं, मग ड्रायव्हर जोडला जायला हवा, ड्रायव्हरला फर्मवेअर सापडायला हवं, मग रेडिओ बंद केलेला नसावा, आणि सगळ्यात शेवटी नेटवर्क मॅनेजर आणि पासवर्ड वगैरे. कार्ड दिसतंय का आणि ड्रायव्हर जोडलाय का हे तुमच्या फोटोतल्या कमांडने कळतं, यूएसबीवाला असेल तर एलएसयूएसबी. आतलं कार्ड यादीतच नसेल तर बायोसमधे बंद असेल किंवा सैल बसलं असेल, तिथे ड्रायव्हर शोधण्यात काहीच अर्थ नाही. फर्मवेअरसाठी सुडो डीमेसेज (स्पेलिंग डीएमईएसजी) चालवून त्यात फर्मवेअर शब्द शोधायचा, 'फेल्ड विथ एरर -२' असं दिसलं तर -२ म्हणजे फाईल सापडली नाही, आणि ती फाईल बहुतेक वेळा लिनक्स-फर्मवेअर पॅकेजात असते, ते अपडेट केलं की काम होतं.

रेडिओ बंद आहे का ते सांगते आरएफकिल लिस्ट, आणि इथे मी थोडं थांबणार आहे कारण ही कमांड कोणी चालवतच नाही. तिच्यात दोन ओळी असतात, सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड. सॉफ्टपुढे यस असेल तर आरएफकिल अनब्लॉक वायफाय म्हटलं की सुटतो. हार्डपुढे यस असेल तर कुठल्याही कमांडने सुटत नाही, तो खऱ्याखुऱ्या बटणाचा असतो, फंक्शन की नाहीतर लॅपटॉपच्या कडेला असलेली बारीक सरकपट्टी. काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीचा लॅपटॉप माझ्याकडे दिवसभर होता, ड्रायव्हर तीनदा काढून घातला, संध्याकाळी तो बॅगेत ठेवताना पुढच्या कडेला बोटाला काहीतरी लागलं, नखाएवढी पट्टी होती ती, आत ढकलली आणि दिवा लागला. तिचा अख्खा दिवस माझ्यामुळे फुकट गेला ह्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी आरएफकिल आधी बघते.

आणि ज्यांना वायफायचं चिन्ह दिसतंय, बाकीची नेटवर्कं दिसतायत, फक्त आपलंच दिसत नाही, त्यांनी ड्रायव्हरच्या मागे लागूच नये. जुनी बरीच कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर ऐकतात आणि राउटर ५ वरच बोलत असेल तर ती त्याला कधीच दिसणार नाही. राउटरवर नुसतं डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) ठेवलं असेल तरीही जुनं कार्ड जोडलं जात नाही, डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालतील असं सेटिंग करून बघा. ताई, हे तुम्हालाही लागू होईल, कारण तुमचं बीसीएम४३१४२ सुद्धा २.४ वालंच आहे.

आता तो सीडी बनलेला अडॅप्टर. तो खराब नाहीये. असे बरेच छोटे अडॅप्टर आधी सीडीचं सोंग घेतात, हेतू हा की विंडोजवाल्याला ड्रायव्हर त्यातूनच मिळावा, ड्रायव्हर बसला की सोंग टाकून वायफाय व्हायचं. लिनक्सवर त्याला कोणी 'आता पुरे' असं सांगत नाही तोवर तो सीडीच राहतो. एलएसयूएसबीमधे बहुतेक तो ०बीडीए:१ए२बी असा दिसेल, ०बीडीए म्हणजे रिअलटेक. फाईल मॅनेजरमधे त्या सीडीवर राईट क्लिक करून इजेक्ट करा, अडॅप्टर काढायचा नाही, तसाच राहू दे, आणि दहाएक सेकंदांनी परत एलएसयूएसबी. नंबर बदललेला दिसला की सोंग उतरलं. इजेक्टने नाही झालं तर यूएसबी-मोडस्विच नावाचं छोटं पॅकेज नेमकं ह्याच कामासाठी आहे.

नवा नंबर ०बीडीए:सी८११ असा निघाला तर तुमचं नशीब चांगलं, कारण त्या चिपचा ड्रायव्हर कर्नल ६.२ पासून लिनक्समधेच आहे. तुमच्या आताच्या उबंटू २४.०४ चा कर्नल ६.८ किंवा त्याच्या पुढचा असणार, म्हणजे बाहेरून काहीच टाकायला लागू नये. आणि डेबियन १२ चा कर्नल ६.१ होता! हाच अडॅप्टर तिथे लावला असतात तर सोंग उतरूनही चालला नसता आणि तुम्ही म्हणाला असतात डेबियन वाईट, उबंटू चांगलं. खरा फरक आकड्याचा. युनेम (स्पेलिंग यूएनएएमई) -आर टाईप केलं की आपला कर्नल कितवा ते कळतं, ही सवय लावून घ्या.

खोक्यावर लिनक्स चालतं असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की कुठल्यातरी जुन्या कर्नलसाठी ड्रायव्हरचा कोड त्यांनी कुठेतरी ठेवलाय. तो कोड स्वतः कंपाईल करायचा आणि कर्नल अपडेट झाला की परत बोंब. म्हणून नवा अडॅप्टर घेणार असाल तर मॉडेल नाही, आतली चिप विचारा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या व्हर्जनमधे वेगळी चिप असते, टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनच्या पहिल्या व्हर्जनमधे अथेरॉसची एआर९२७१ होती जी लिनक्सवर लावली की चालते, दुसऱ्या व्हर्जनपासून रिअलटेकची आली आणि पहिल्याचं कौतुक वाचून दुसरा घेणारे कितीतरी जण अडकले. मीडियाटेकच्या एमटी७६१०यू आणि एमटी७६१२यू ह्या चिपांचे ड्रायव्हर कर्नल ४.१९ पासून आत आहेत, यूएसबीमधे घ्यायचंच तर मी असंच काहीतरी शोधेन.

एक अवघड गोष्ट सांगायला हवी. चावी ओळखवून दिलीत आणि डब्ल्यूएल चालायला लागला तरी तो म्हातारा ड्रायव्हर आहे, ब्रॉडकॉमने त्याची शेवटची आवृत्ती २०१५ मधे काढली, त्यानंतर डिस्ट्रोवालेच ठिगळं लावून तो नव्या कर्नलवर चालता ठेवतायत. एखाद्या अपडेटला तो परत रुसू शकतो. म्हणून उबंटूचं लॉन्ग टर्म व्हर्जनच ठेवा, कर्नल अपडेटनंतर वायफाय गेलं तर बूटच्या मेनूमधे आधीचा कर्नल असतो तो निवडा, आणि तो यूएसबी अडॅप्टर चालला तर आईसाठी रोजचा तोच ठेवायला मी सांगेन, आतलं कार्ड राखीव. आतलं कार्डच बदलून इंटेलचं टाकायचा पर्याय आहे पण काही लॅपटॉपचे बायोस ठरलेलीच कार्डं घेतात, घेण्याआधी तेवढं तपासायला हवं.

गेल्या आठवड्यात चालवलेल्या कमांडींचा कचरा मशीनवर असणार तोही बघा. ईटीसी, त्यात मॉडप्रोब.डी ह्या फोल्डरमधल्या फायली उघडा, एका गाईडने बी४३ (ब्रॉडकॉम कार्डांचा दुसरा ड्रायव्हर) ब्लॅकलिस्ट केलेला, म्हणजे आपोआप सुरू व्हायला बंदी घातलेला, दुसऱ्याने डब्ल्यूएल, असं असेल तर दोन्हीपैकी एकही ड्रायव्हर आपणहून सुरू होत नाही. तुम्ही स्वतः टाकलेल्या ओळी काढा, पॅकेजने आणलेल्या राहू द्या. गुंता सुटत नाही असं वाटलं तर उबंटू एकदा परत टाका, मी विरोध करणार नाही, आता तुम्हाला माहितीय की कशासाठी टाकताय. इंटरनेट लागेल त्याला फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू करा, अँड्रॉइड फोन बहुतेक वेळा वायर्ड नेटवर्क म्हणून लगेच दिसतो, वायफायचा ड्रायव्हर लागतच नाही.

हे टेदरिंग आईला आजच करून द्या. तुम्ही लिहिलंय की आई काही बोलत नाही ते लागतंय, मला वाटतं तिथे दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात: आईला लॅपटॉप हवाय आणि तुम्हाला हे जमवून दाखवायचंय. दोन्ही बरोबर आहेत, पण आईचं काम तुमच्या शिकण्याच्या मागे रांगेत उभं राहायला नको. तिला सरळ विचारा, तुला नक्की काय काय करायचं असतं त्यावर, आणि ह्या सगळ्यात तुला काय वाटतंय. कदाचित ती गप्प आहे कारण तुम्ही आठवडाभर रात्री जागताय ते तिला बघवत नाही. अजून दोन संध्याकाळी घ्या, एक आतल्या कार्डाला, एक अडॅप्टरला. दोन्ही फसलं तर कर्नलमधे ड्रायव्हर असलेला दुसरा अडॅप्टर आणा, त्यात हरण्यासारखं काही नाही, हार्डवेअर जुळत नसेल तर बदलायचंच असतं.

भावाचं म्हणाल तर तो चिडून बोलला असेल, पण विंडोज १० परत टाकलं तर त्याला आता सुरक्षेचे नेहमीचे अपडेट नाहीत, आणि त्याच लॅपटॉपवर आई पैशाचे व्यवहार करणार असेल तर मला ते पटत नाही. एवढं त्याला शांतपणे सांगा. "आपल्यासारख्यांचं काम नाही" ह्यावर वाद घालू नका, फोटो दाखवा. जी ओळ वाचून मी हे सगळं लिहू शकले ती मिळवायची कमांड तुम्ही शोधलीत, चालवलीत आणि फोटो काढून पाठवलात. पुढे कधी कुणाची मदत मागाल तेव्हाही असंच करा, कार्डाची ओळ, कर्नलचा आकडा, आरएफकिलचं आउटपुट, आणि आलेली एरर जशीच्या तशी, फोटो खालून न कापता.

आणि वायफाय चालू झालं की एका चिठ्ठीवर बीसीएम४३१४२, ड्रायव्हर डब्ल्यूएल, मोकची चावी टाकलेली तारीख आणि यूएसबी अडॅप्टरचा बदललेला नंबर एवढं लिहून ती लॅपटॉपच्या खालच्या बाजूला चिकटवून ठेवा, हवा जायच्या जाळ्या सोडून.